ओसरीवरच्या गोष्टी : न दिलेला हात

मतदानाच्या आदल्या रात्रीस आपलीं वर्तमानपत्रें 'कत्तलची रात्र' म्हणतात. वर्षभर पुस्तकास हात न लावतां परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळीत बसलेला विद्यार्थीही हाच शब्द योजतो. शब्द घरोघर चालतो. पण ही कत्तल कोणाची, ती कोठें झाली, आणि तिची रात्र मराठी भाषेंत कशी येऊन बसली, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर घरांतील शिकलेलीं वडील माणसेंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. मुलांनीं फार दंगा केला म्हणजे 'काय हा हैदोस' असें आपण म्हणतों. तो शब्दही मोहरमांतील आरोळ्यांशीं जोडला जातो. म्हणजे दूरच्या एका देशांत सुमारें साडेतेराशें वर्षांपूर्वीं घडलेल्या एका मरणाची आठवण आपण जिभेवर नित्य वागवितों, आणि तें आपणांस ठाऊकही नसतें. या महिन्यांत ओसरीवर तीच गोष्ट सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या काळची राजव्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. इस्लाम धर्माचे प्रेषित महंमद पैगंबर हे इ. स. ६३२ मध्यें मदिना येथें निवर्तले. त्यांच्यामागें समाजाचें आधिपत्य ज्याच्याकडे आलें त्यास 'खलीफा' म्हणूं लागले. या अरबी शब्दाचा अर्थ मागाहून येणारा, म्हणजे उत्तराधिकारी. अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली असे चार खलीफा एकामागून एक झाले. यांपैकीं एकाचीही निवड खलीफाचा मुलगा म्हणून झाली नव्हती, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील कलहाचें बीज तींतच आहे.

ही खिलाफत आपल्यापासून फार दूर होती, असेंही समजण्याचें कारण नाहीं. दुसरे खलीफा उमर यांच्या कारकीर्दींत, इ. स. ६३६ च्या सुमारास, अरबांच्या एका आरमारानें ठाण्यावर स्वारी केल्याची नोंद नवव्या शतकांतील अरब इतिहासकार बलाधुरी यानें करून ठेविली आहे. आपली अनुज्ञा न घेतां माणसें समुद्रावर घातलीं म्हणून खलीफा सुभेदारावर रागावले, असेंही तो लिहितो. आम्ही राहतों तें देवनार त्याच ठाण्याच्या खाडीच्या कांठीं आहे. तेव्हां जी गोष्ट आम्ही सांगणार, तिच्यांतील राजसत्तेचें एक शीड या आमच्या पाण्यांतूनच गेलें असावें, असें मानण्यास हरकत नाहीं.

चौथे खलीफा अली हे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जांवई. पैगंबरांची कन्या फातिमा ही त्यांची पत्नी; हसन व हुसेन हे या दांपत्याचे पुत्र, म्हणजे पैगंबरांचे दौहित्र. इ. स. ६६१ मध्यें इराकांतील कूफा शहरीं मशिदींत अलींवर तरवारीचा घाव झाला, व त्यांतच त्यांचा अंत झाला. वडील पुत्र हसन यांनीं रक्तपात टाळावा म्हणून सिरियाचा सुभेदार मुआविया याच्याशीं तह केला आणि राज्यावरील आपला हक्क सोडला. मुआवियानें दमास्कस ही राजधानी करून सुमारें वीस वर्षें राज्य केलें. तो मोठा चतुर व कारभारी पुरुष होता. परंतु हयातींतच त्यानें आपला पुत्र यझीद याच्या नांवानें सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेवविल्या. जें अधिपत्य समाजाच्या संमतीचें म्हणून समजलें जात होतें, तें अशा रीतीनें बापाकडून मुलाकडे वतनासारखें जाऊं लागलें.

या शपथेस अरबींत 'बैअत' म्हणतात. आम्हांस शब्दांची व्युत्पत्ति शोधण्याची जुनी खोड आहे, ती वाचकांनीं येथेंही चालवून घ्यावी. कारण सारी गोष्ट या एका शब्दाभोवतीं फिरते. ज्या धातूपासून 'बैअत' शब्द झाला त्याच धातूपासून अरबींत विक्रीचा वाचक शब्दही झाला आहे. हातांत हात देऊन वचन द्यावयाचें, ही तिची रीत. आपल्याकडे गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं हात धरून सौदा पटवितात, त्याची येथें आठवण होते. एकदां हात दिला म्हणजे सौदा पटला. मग माघार नाहीं. पण त्याच न्यायानें, ज्यानें हात दिला नाहीं त्याचा सौदाही झाला नाहीं. राजास साऱ्या राज्याचा हात मिळाला, आणि ज्याच्या हाताला लोक पवित्र मानतात असा एकच हात मिळाला नाहीं, तर त्याचें सिंहासन लंगडें राहतें. हुसेन यांच्या बाबतींत असेंच झालें.

इ. स. ६८० मध्यें मुआविया मरण पावला आणि यझीद गादीवर आला. मदिनेच्या सुभेदारास त्याची आज्ञा सुटली कीं, हुसेन यांजकडून तांतडीनें बैअत घ्यावी. सुभेदारानें त्यांस रात्रीं बोलावून घेतलें. माझ्यासारख्यानें अशी शपथ एकांतांत देणें शोभणार नाहीं, लोकांसमक्ष काय तें बोलूं, असें सांगून हुसेन तेथून निघाले, आणि कुटुंबकबिला घेऊन मक्केस गेले. त्यावेळीं त्यांचें वय चोपन्नाच्या घरांत होतें. तरवार गाजविण्याची उमेद असलेला हा तरुण नव्हता. नातीगोती असलेला, समाजांत धर्मपुरुष म्हणून मान्यता पावलेला प्रौढ गृहस्थ होता.

मक्केंत त्यांस कूफ्याच्या लोकांचीं पत्रांवर पत्रें येऊं लागलीं. आम्हांस नेता नाहीं, आपण यावें, आम्ही आपले आहों, असा त्यांचा आशय. हुसेन यांनीं सावधपणानें प्रथम आपले चुलतबंधु मुस्लिम बिन अकील यांस पुढें पाठविलें. हजारों लोकांनीं मुस्लिम यांच्या हातावर हुसेन यांच्या नांवें बैअत केली. तितक्यांत यझीदनें मवाळ सुभेदारास काढून बसऱ्याचा कडक सुभेदार उबैदुल्ला बिन झियाद यास कूफ्यास नेमिलें. त्यानें धाक, लांच आणि हेर या तिन्हीं उपायांनीं शहर दोन-चार दिवसांत फिरविलें. सकाळीं ज्यांच्यामागें हजारों लोक होते, त्या मुस्लिमांस रात्रीं आसऱ्यासाठीं गल्ल्यांतून एकटें फिरावें लागलें. एका वृद्ध स्त्रीनें त्यांस घरांत घेतलें, एवढेंच काय तें त्या शहराच्या नांवावर पुण्य. दुसऱ्या दिवशीं ते पकडले गेले व मारले गेले.

ही वार्ता पोंचण्यापूर्वींच हुसेन मक्केहून निघाले होते. जाऊं नका, असें त्यांस हितचिंतकांनीं परोपरीनें विनविलें होतें. वाटेंत भेटलेल्या फरझदक नांवाच्या कवीनेंही त्यांस बजाविलें कीं, कूफेकरांचीं मनें तुमच्याकडे असलीं तरी तरवारी सरकारच्या आहेत. पुढें मुस्लिमांच्या वधाची बातमी आली, तेव्हां हुसेन यांनीं बरोबरच्या मंडळीस, ज्यास परतावयाचें असेल त्यानें परतावें, अशी मोकळीक दिली. पुष्कळ परतले. जे राहिले ते मात्र कोणाच्याही भिडेनें वा लोभानें राहिले नव्हते.

मोहरम महिन्याच्या दुसऱ्या तारखेस, म्हणजे २ ऑक्टोबर ६८० रोजीं, युफ्रेटीस नदीनजीक कर्बला येथें त्यांस थांबविण्यांत आलें. हजार घोडेस्वारांनिशीं प्रथम आडवा आलेला सरदार हुर, याच्या तहानलेल्या माणसांस व घोड्यांस हुसेन यांनीं वाटेंत आपल्याजवळचें पाणी पाजलें होतें. मागाहून उमर बिन साद चार हजारांचें सैन्य घेऊन आला. वाटाघाटी चालल्या, पण सुभेदाराची अट एकच होती : आधीं बैअत. सातव्या तारखेपासून नदीचें पाणी तोडण्यांत आलें. बरोबर बायकामुलें होतीं, अंगावरचीं पोरें होतीं, आणि ऊन वाळवंटाचें. नदी डोळ्यांसमोर वाहत असतां तीन दिवस तहानेनें काढणें, यापरतें दुःसह काय असावें? मोहरमांत जागोजाग पाणी व सरबत वांटतात त्याचें मूळ येथें आहे.

नवव्या तारखेची रात्र ती 'कत्तलची रात्र'. त्या रात्रीं हुसेन यांनीं सोबत्यांस पुन्हां एकदां सांगितलें कीं, शत्रूस मी एकटाच पाहिजे आहें. अंधार आहे तोंवर तुम्ही निघून जा. कोणी गेलें नाहीं. परंपरेनें त्यांची संख्या ७२ सांगतात, ३२ घोडेस्वार आणि ४० पायदळ. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो सरदार हुर, ज्यास पूर्वीं पाणी मिळालें होतें, सरकारी सैन्य सोडून इकडे आला आणि हुसेन यांच्या बाजूनें लढून पडला. मग एकामागून एक सर्व पडले. पाणी आणण्यास गेलेले बंधु अब्बास पडले. हसन यांचा कोंवळा मुलगा कासिम पडला. बापाच्या हातांवरील तान्हें मूलही बाणानें गेलें, असें परंपरा सांगते. शेवटीं हुसेन पडले. तो दिवस मोहरमचा दहावा. 'आशुरा' शब्दाचा अर्थच दहावा.

मागें राहिल्या त्या स्त्रिया, मुलें आणि हुसेन यांचे आजारी पुत्र अली झैनुल आबिदीन. त्यांस कैद करून प्रथम कूफ्यास आणि मग दमास्कसला यझीदच्या दरबारांत नेलें. तेथें हुसेन यांची बहीण झैनब हिनें भर सभेंत राजास निर्भयपणें सुनावलें, असें सांगतात. तें वाचीत असतां आम्हांस कौरवसभेंतील द्रौपदी आठवल्यावांचून राहत नाहीं. दोघी पराजित पक्षाच्या, दोघींचें सर्वस्व गेलेलें. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार दोघींनींही सोडला नाहीं. आणि दोन्ही ठिकाणीं उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांची, ते खालीं माना घालून बसले होते.

आतां या प्रकरणास 'बंड' म्हणावें कीं काय, असा प्रश्न येतो. राज्यकर्त्यांच्या दप्तरांत तें बंडच. हुसेन यांनीं कूफ्याकडे प्रयाण केलें, तेथील लोकांच्या शपथा स्वीकारल्या, हें खरें. त्यांचा पक्ष जिंकता तर यझीदचें राज्य उलथलें असतें, हेंही खरें. पण त्यांच्या हातून घडलेली मूळची गोष्ट पाहिली तर ती एवढीच कीं, मागितलेला हात त्यांनीं दिला नाहीं. येथें आम्हांस पितामह भीष्मांची तुलना करावीशी वाटते. भीष्म हे शौर्यांत, ज्ञानांत, तपांत कोणाहून उणे नव्हते. तथापि त्यांचा हात एका सिंहासनाच्या हातांत आधींच दिलेला होता. अन्याय डोळ्यांदेखत चालला असतां धर्माची गति सूक्ष्म आहे, एवढेंच ते म्हणूं शकले. आणि पुढें युद्धाच्या आरंभीं, आपण कौरवांच्या द्रव्यानें बांधले गेलों आहों, अशी कबुली त्यांनीं स्वतः धर्मराजास दिली. एकाची थोरवी दिलेल्या शब्दांत अडकली, दुसऱ्याची न दिलेल्या शब्दानें उजळली. धर्मपुरुषाजवळ सैन्य नसतें, कोश नसतो. त्याच्याजवळ एकच वस्तु असते, ती म्हणजे त्याची मान्यता. तीही त्यानें भीतीनें दिली, तर मग त्याच्याजवळ राहिलें काय?

हा प्रश्न कर्बलेवर संपला नाहीं. हुसेन यांचे नातू झैद बिन अली हे मोठे विद्वान होते. इ. स. ७४० मध्यें त्यांनीं त्याच कूफ्यांत खलीफा हिशाम याच्याविरुद्ध उठाव केला. नोंदवहींत पंधरा हजार नांवें चढलीं होतीं. प्रत्यक्ष रात्रीं मैदानांत आले ते दोनशें अठरा, असें इतिहासकार लिहितात. झैद कपाळावर बाण लागून पडले, आणि त्यांचें प्रेत पुढें कित्येक वर्षें खांबावर लटकत ठेविलें होतें. त्यांचे अनुयायी झैदी म्हणवितात. यमन देशांत त्यांच्या इमामांचें राज्य १९६२ पर्यंत टिकलें. पुढें ७५० मध्यें दमास्कसचें घराणें बुडालें आणि अब्बासी घराणें आलें. पैगंबरांच्या कुळाचें नांव घेऊनच त्यांनीं राज्य मिळविलें होतें. परंतु बारा वर्षांत त्यांच्याविरुद्धही मदिनेस हसन यांचे पणतू महंमद, ज्यांस 'शुद्धात्मा' या अर्थाची पदवी होती, ते उभे राहिले. लोक विचारूं लागले कीं, आम्हीं तर खलीफास शपथ दिली आहे, तिचें काय? तेव्हां मदिनेचे प्रख्यात धर्मशास्त्री मालिक बिन अनस यांनीं, सक्तीनें घेतलेली शपथ बंधनकारक नाहीं, असा निर्णय दिल्याचें सांगतात, आणि त्यापायीं त्यांस पुढें फटके खावे लागले. महंमद ७६२ मध्यें मदिनेंतच मारले गेले. त्यांचे पुत्र अब्दुल्ला हे सिंधमध्यें आले. सिंध तेव्हां खिलाफतीच्या ताब्यांत होता; पण तेथील सुभेदाराचें मन आंतून या घराण्याकडे असल्यानें त्यानें त्यांस गुपचूप शेजारच्या एका हिंदु राजाकडे पोंचविलें. त्या राजानें त्यांस कित्येक वर्षें मानानें आश्रय दिला. शरणागतास धर्म न विचारणारा हा राजा कोणत्या कुळांतला, हें इतिहासानें सांगितलें नाहीं. पण त्याची कृति मात्र अरबांच्याच ग्रंथांनीं जपून ठेविली आहे.

मालिकांचा निर्णय वाचून आमच्या शास्त्री वाचकांस मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवला असेल. बळजबरीनें झालेला व्यवहार झालाच नाहीं असें धरावें, हा नियम तेथेंही आहे. दोन भिन्न धर्मांचीं शास्त्रें येथें एका मुखानें बोलतात. आणि हा नियम केवळ राजांसाठीं नाहीं, हें आपण एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं विशेषेंकरून ओळखलें पाहिजे. बहिणीस माहेरीं बोलावून, जेवूंखाऊं घालून, पानावरून उठतांच तिच्यापुढें हक्कसोडपत्र ठेवावयाचें, आणि चार वडिलांच्या देखत तिनें 'नाहीं' कसें म्हणावें अशा अडचणींत तिची सही घ्यावयाची, हा प्रकार किती सुशिक्षित घरांतून चालतो! २००५ च्या कायद्यानें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा वांटा दिला, तेव्हांपासून तर तो वाढलाच आहे. बहीण राजीखुशीनें हक्क सोडीत असेल तर तें तिचें औदार्य. पण जिला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं तिचा 'हो' हा हो नव्हे. ती सहीही एक बैअतच आहे, आणि ती घेणारा कोणाच्या पंक्तीस बसतो हें ज्याचें त्यानें पहावें.

असो. आतां ही इराकांतील गोष्ट महाराष्ट्रांत कशी आली तें पाहूं. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीचा यांत मोठा वांटा आहे. या राज्याच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण. त्याचें घराणें गोदावरीकांठच्या पाथरीचें कुळकर्णी, असें फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा. इराणांत छळ होऊं लागला म्हणून पळून आलेले शाह ताहिर नांवाचे विद्वान धर्मपुरुष त्याच्या दरबारीं राहिले. बुऱ्हाणचा आवडता मुलगा दुखण्यांतून उठला, तो शाह ताहिरांनीं सुचविलेल्या नवसानें, अशी श्रद्धा बसून बुऱ्हाणनें १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. शिया म्हणजे अलींचा पक्ष. विजापुरास यूसुफ आदिलशहानें त्यापूर्वींच हा पंथ घेतला होता. त्या काळापासून नगरास बारा इमामांचा कोठला आहे, आणि मोहरमांत निघणाऱ्या तेथील सवाऱ्या प्रसिद्ध आहेत. पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या वंशजानें कर्बलेचें दुःख महाराष्ट्रांत राजमान्य केलें, हा योग मोठा विलक्षण खरा.

राजे गेले, पण चाल राहिली, कारण ती प्रजेनें उचलली होती. 'ताजिया' म्हणजे सांत्वन. 'ताबूत' म्हणजे पेटी, शवपेटिका. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांची ही समाधीची प्रतिकृति गांवोगांव होऊं लागली. देशावर अशीं कितीतरी गांवें होतीं, कीं जेथें मुसलमानांचें घर एखादें किंवा तेंही नाहीं, पण ताबूत बसे, आणि त्याची व्यवस्था पाटील-कुळकर्णी पाहत. मुलगा जगावा म्हणून नवस बोलून मोहरमांत फकीर होणारीं हिंदु मुलें, पंज्यापुढें ऊद घालणाऱ्या सवाष्णी, मलिद्याचा नैवेद्य, हें सारें जुन्या पिढीनें पाहिलेलें आहे. सांगली जिल्ह्यांतील कडेगांवीं शंभर फुटांच्या पुढें उंचीचे ताबूत आजही उभे राहतात; त्यांतील कांहींचा मान हिंदु घराण्यांकडे आहे, आणि ताबुतांच्या भेटी पाहण्यास लांबलांबून लोक येतात. माळव्यांत शिंदे व होळकर यांच्या राजधान्यांतही राजघराण्याचा ताजिया असे. इंदुरास 'सरकारी ताजिया' हा शब्द अजून चालतो. मोहरम तर इतका गाजलेला कीं, 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांनीं केलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा अपभ्रंश १८८६ मध्यें इंग्रजींतील एका मोठ्या कोशाचें नांव होऊन बसला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हुसेन यांच्याविषयीं आदर शिया व सुन्नी या दोघांतही आहे. परंतु शोक कसा करावा याविषयीं त्यांच्यांत भेद आहे. पुष्कळ सुन्नी त्या दिवशीं उपास करतात, पण ताबुतास धर्मसंमत मानीत नाहींत. आणि शिया लोकांस तो दिवस सुतकाचा असल्यानें वाजतगाजत जाणारे डोले रुचत नाहींत. तेव्हां वाघाचीं सोंगें आणि ढोलताशे घेऊन आपल्या खेड्यांनीं जो मोहरम साजरा केला, तो कोणत्याच शास्त्रांत बसणारा नव्हता. ज्यास खांदा दिला तो कोणाचा जनाजा, हें खांदा देणाऱ्यांपैकीं दहांतील नऊजणांस ठाऊक नव्हतें. कोणी तरी चांगला माणूस, पोराबाळांसकट, पाण्यावांचून मारला गेला, एवढेंच त्यांस कळलें होतें; आणि खांदा देण्यास तेवढें त्यांस पुरेसें वाटलें.

मग हा खांदा निघाला कसा? १८९३ च्या मोहरमांत काठेवाडांतील प्रभासपाटण येथें दंगा झाला. त्याचें लोण पसरून ११ ऑगस्ट रोजीं मुंबईंत दंगल पेटली, आणि सत्तरांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. सरकार पक्षपात करतें, अशी हिंदूंची भावना झाली. सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ याच सुमारास लोकमान्यांनीं उचलून धरली, आणि १८९४ पासून पुण्यांतील हिंदूंनीं मोहरमाकडे पाठ फिरविली. त्या वेळच्या पुढाऱ्यांस जें उचित वाटलें तें त्यांनीं केलें. गणेशोत्सवानें समाजास जें संघटन, जी वाणी आणि जे कार्यकर्ते दिले, त्यांचें मोल आम्ही जाणतों. पण एक उत्सव मिळविण्यासाठीं दुसऱ्याचें दुःख टाकून देणें अवश्यच होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. कडेगांवानें दोन्ही ठेविलें. त्याचें कांहीं बिघडलें नाहीं.

बरोबर शंभर वर्षांनीं, १९९२-९३ मध्यें, मुंबई पुन्हां पेटली, आणि त्यांत आमचा देवनार-गोवंडीचा भागही होरपळला. त्या दिवसांचें वर्णन येथें करण्याची आवश्यकता नाहीं. ज्यांनीं पाहिले त्यांस तें नको आहे. मात्र तेव्हांपासून एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. १८९३ पूर्वींच्या निरक्षर खेडुतास ही कथा माहीत नव्हती, तरी त्यानें खांदा दिला. आज आम्ही शिकलेले, आमच्या कपाटांत सर्व देशांचे इतिहास. पण मोहरमांत आमच्याच वस्तीच्या पलीकडील रस्त्यावर काळीं निशाणें लागतात, पाण्याची सबील मांडतात, येणाऱ्याजाणाऱ्यास सरबताचा पेला पुढें करतात, तेव्हां तें काय आहे हें आमच्या नातवंडांस सांगतां येत नाहीं. तीं भिऊन चाल वाढवितात. अज्ञान आणि भय हीं सख्खीं भावंडें. एकास घरांत ठेविलें कीं दुसरें मागून येतेंच.

कोणी म्हणेल कीं, दुसऱ्या बाजूनेंही असेंच आहे. त्यांस तरी आपले अभिमन्यु आणि हरिश्चंद्र कोठें ठाऊक आहेत? असतीलही, नसतीलही. पण हिशोबाची ही रीत बाजाराची झाली. 'आधीं तुम्ही हात द्या' ही अट कर्बलेस सुभेदारानें घातली होती. ती शेजाऱ्यास घालण्याची नसते. अभिमन्यूच्या वधाचें आख्यान ऐकून ज्यांच्या डोळ्यांस पाणी येतें, त्यांस कासिमाची कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. ती ऐकल्यानें कोणाची संध्या चुकत नाहीं किंवा सोंवळें मोडत नाहीं.

हुसेन यांचा हात राजानें मागितला, तो मिळाला नाहीं. आमच्या खेडुतांचा खांदा कोणी मागितलाही नव्हता, तो त्यांनीं आपण होऊन दिला. दोहोंत तत्त्व एकच आहे : जें आपल्या खुषीनें द्यावयाचें तें कोणी बळानें घेऊं शकत नाहीं, आणि जें खुषीनें दिलें जातें तेंच टिकतें. म्हणून आमचें वाचकांजवळ मागणें लहानसेंच आहे. यंदा मोहरमांत घरांतील मुलांस जवळ बसवून ही गोष्ट सांगावी. ७२ माणसांचीं नांवें नाहीं आलीं तरी चालेल. पाणी तोडलें होतें, जाण्याची मोकळीक असतां कोणी गेलें नाहीं, आणि एका माणसानें हात दिला नाहीं, एवढें सांगितलें तरी पुष्कळ झालें. मग रस्त्यांत कोणी सरबताचा पेला पुढें केला, तर तो घ्यावा कीं न घ्यावा, हें त्या मुलांस आपले आपण ठरवूं द्यावें.